द्राक्षबागेतला केवडा, भुरी आणि करपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळछाटणीचा (घड येण्यासाठी बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीचा) हंगाम सुरू झाला की व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो येऊ लागतात आणि खाली एकच ओळ असते: "काय मारू?" नाशिक, सांगली, सोलापूर, जुन्नर, सगळीकडून तेच. खरं तर यातल्या बहुतेकांच्या औषधखोलीत योग्य औषध आधीच असतं, चुकते ती वेळ. म्हणून खालच्या उत्तरांत औषधांच्या नावांपेक्षा पान कधी ओलं होतं आणि किती वेळ ओलं राहतं, याची चर्चा जास्त आहे. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत, फक्त एकसारखे एकत्र केले आहेत.

१. पानावर डाग दिसतायत. केवडा आहे, भुरी आहे की करपा, हे कसं ओळखायचं?

पान तोडा, उन्हाकडे धरा आणि मग उलटं करून बघा. वरच्या बाजूला पिवळसर, तेल सांडल्यासारखा डाग आणि त्याच जागी खालच्या बाजूला पांढरी कापसासारखी वाढ असेल तर तो केवडा, म्हणजेच डाऊनी. बोटाने पुसल्यावर पिठासारखी राखाडी पावडर निघत असेल आणि ती पानाच्या वरच्या बाजूलाही असेल तर ती भुरी. भुरीखालची साल किंवा मण्याचा पृष्ठभाग जाळीदार तपकिरी झालेला दिसतो. करप्याचे डाग लहान आणि गोलसर असतात, कडा गडद, मध्यभाग राखाडी. तो मधला भाग नंतर गळून पडतो आणि पानाला भोकं पडतात. कोवळ्या काडीवर करप्याचे खोलगट व्रण पडतात, तेवढं एक लक्षण बघितलं तरी शंका उरत नाही.

केवड्याचा डाग अगदी नवा असेल तर खाली पांढरं काहीच नसतं आणि इथेच गोंधळ होतो. अशी दोन-चार पानं संध्याकाळी तोडा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या टिश्यूबरोबर घाला, तोंड बांधून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या खाली पांढरी लव आली तर केवडा नक्की. काहीच आलं नाही तर मॅग्नेशियमची कमतरता, तणनाशकाचा वारा किंवा औषधाचा चट्टा यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता जास्त. मॅग्नेशियमची पिवळसर छटा शिरांच्या मधल्या भागात आणि बहुधा जुन्या पानांवर असते. केवडा कोवळ्या पानापासून सुरू होतो.

२. आमच्याकडे पाऊस नव्हता, तरी केवडा आला. कसा काय?

कारण त्याला पाऊस नव्हे, पानावरचं पाणी लागतं, आणि ते दवानेही मिळतं.

केवड्याचा कारक जीव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. आपण सरसकट बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणाऱ्या वेगळ्या गटातला आहे. हे फक्त पुस्तकी ज्ञान नाही: भुरीवर चालणारी ट्रायाझोल गटाची औषधं केवड्यावर का चालत नाहीत, याचं उत्तर इथेच आहे.

त्याचा दिनक्रम असा. रात्री अंधार, हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे आणि गारवा असेल तर डागाच्या खालून पांढरी वाढ बाहेर येते. त्यासाठी निदान चार तासांचा अंधार लागतो. पहाटे ते बीजाणू वाऱ्याने, थेंबाने दुसऱ्या पानावर जातात. तिथे पाणी असेल तर त्यातून शेपटीवाले सूक्ष्म बीजाणू सुटतात, पोहत पर्णरंध्रापर्यंत पोचतात आणि आत शिरतात. २० ते २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर दोन-तीन तासांची ओल पुरते. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून खालची बाजू झाकली नाही तर फवारणी अर्धीच झाली असं समजा. आत शिरल्यापासून तेलकट डाग दिसेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस जातात, थंडीत जास्त. म्हणजे आज दिसणारा डाग गेल्या आठवड्यातल्या कुठल्या तरी पहाटेचा असतो.

ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये धुकं, दव आणि ढगाळ सकाळ एकत्र आली की नऊ-साडेनऊपर्यंत पान सुकत नाही. पावसाची नोंद शून्य, आणि केवडा जोरात.

३. छाटणीपासून कोणत्या दिवसांत सगळ्यात जास्त जपायचं?

फळछाटणीनंतर पोंगा (डोळ्यातली कोवळी फूट) फुटून तीन-चार पानं उलगडली की धोका सुरू होतो, तो मणी सेटिंग (फुलातून मणी धरणं) पूर्ण होईपर्यंत. त्यातही फुलोऱ्यापूर्वीचे आठ दिवस आणि फुलोरा, म्हणजे बहुतेक बागांत छाटणीनंतरचा ३० ते ५० दिवसांचा काळ. या काळात घडाला केवडा लागला तर घड तपकिरी होऊन वाकतो, गळतो किंवा कुजतो आणि तो परत मिळत नाही. पानाचं नुकसान पुढच्या पानाने भरून निघतं.

मणी मोठा होत गेला की त्याच्या सालीवरची रंध्रं बंद होतात आणि केवड्याला आत शिरायची वाट राहत नाही. देठ आणि पाकळ्या (घडाच्या उपफांद्या) मात्र त्यानंतरही काही दिवस नाजूक राहतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस नेमका फुलोऱ्यात सापडला होता, ते ज्यांनी अनुभवलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तेच झालं: पाऊस थांबेना, ट्रॅक्टर बागेत जाईना.

४. फवारणी पावसाआधी करायची की पाऊस उघडल्यावर?

आधी. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

पाऊस सुरू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन तासांत लागण होऊन गेलेली असते. काळ्या जमिनीत वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप) बाहेरच उभा. म्हणजे "उघडल्यावर मारू" म्हणणारा प्रत्यक्षात लागणीनंतर ४८ ते ७२ तासांनी मारतो, आणि तेवढ्या उशिरा काम करणारी औषधं मोजकीच आहेत. अंदाज ढगाळ आणि पावसाचा असेल तर आदल्या दिवशी मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पानाच्या दोन्ही बाजूंना बसलेलं असलं पाहिजे. अंदाज चुकला आणि पाऊस आलाच नाही तर एक फवारणी वाया गेली, एवढंच.

आधी जमलंच नाही तर उघडल्याबरोबर, शक्यतो २४ ते ४८ तासांत, सायमोक्झॅनिल + मॅन्कोझेब (२ ग्रॅम प्रति लिटर) किंवा डायमेथोमॉर्फ (०.५ ग्रॅम प्रति लिटर) सोबत मॅन्कोझेब. ट्रॅक्टर जात नसेल तर पाठीवरचा पंप किंवा एचटीपीची (जास्त दाबाच्या पंपाची) लांब नळी. काही बागायतदार ओल्या पानावर मॅन्कोझेबची धुरळणी करतात. पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण चिखलात अडकलेल्या दिवशी नुसतं बघत बसण्यापेक्षा बरं. पाऊस थांबल्यावर तारा हलवून घडातलं पाणी झटकणं किंवा पाण्याविना नुसता ब्लोअर फिरवणं, याचा फायदा लोक समजतात त्याहून जास्त होतो, कारण ओलीचे तास थेट कमी होतात.

५. स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही यांत महाग ते चांगलं, असं धरायचं का?

नाही, त्यांची कामं वेगळी आहेत. स्पर्शजन्य औषध (मॅन्कोझेब, प्रोपिनेब, ताम्रयुक्त औषधं, गंधक) पानावर थर करून बसतं आणि बीजाणू रुजण्याआधी मारतं. आत गेलेल्या रोगाला ते हात लावत नाही आणि फवारणीनंतर उमललेल्या नव्या पानावर ते नसतंच. पोंग्यानंतर वेल दर दोन-तीन दिवसांनी नवं पान काढतो, म्हणून त्या काळात फवारण्यांतलं अंतर कमी ठेवावं लागतं.

आंतरप्रवाही औषध पानात शिरतं, पण सगळी सारखी फिरत नाहीत. मेटॅलॅक्झिल पाण्याबरोबर शेंड्याकडे चढतं. फोसेटिल-एएल आणि फॉस्फरस ॲसिडचे क्षार वर-खाली दोन्हीकडे जातात. डायमेथोमॉर्फ, सायमोक्झॅनिल पानाच्या आरपार जातात, वेलभर नाही. सायमोक्झॅनिलचा असर तर काही दिवसांतच ओसरतो, म्हणून ते सहसा जोडीदाराबरोबरच वापरतात. मँडीप्रोपामिड मेणाच्या थरात पटकन अडकतं, पावसाळी दिवसांत त्याचा हाच उपयोग.

६. फवारल्यावर दीड-दोन तासांत पाऊस आला. पुन्हा मारू का?

औषध पानावर पूर्ण सुकलं होतं का, हे आधी आठवा. सुकलं असेल आणि आंतरप्रवाही असेल तर बहुतांश आत गेलेलं असतं, थांबा. नुसतं स्पर्शजन्य असेल आणि पावसाची जोरदार सर आली असेल तर ते धुऊन गेलं असं धरून वाफसा येताच पुन्हा द्या. भुरभुर पावसाने चांगला सुकलेला मॅन्कोझेबचा थर लगेच जात नाही. सुकण्याआधीच पाऊस आला असेल तर चर्चेला जागाच नाही, पुन्हा मारा. दुसऱ्या वेळी तेच आंतरप्रवाही रिपीट करण्याऐवजी गट बदला (प्रश्न ९).

७. बोर्डो मिश्रण घरी करतो, कधी पानं करपतात, कधी काहीच होत नाही. कुठे चुकतं?

बहुधा चुन्यात. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चांगला कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात विरघळवा. फडक्यात बांधून रात्रभर वरच्या पाण्यात लोंबत ठेवला की सकाळी विरघळलेला असतो. दुसऱ्या ड्रममध्ये चुना आधी थोड्या पाण्यात फोडून मग ५० लिटर करा, गार होऊ द्या, गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळा, उलटं नको. लोखंडी किंवा पत्र्याची भांडी अजिबात नकोत.

तपासणी सोपी आहे. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिश्रणात मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पान करपणार. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत थर येणं थांबेपर्यंत जा. बाजारात पोत्यातून मिळणारा जुना, हवा लागलेला चुना वजनाला किलो भरतो पण ताकदीला नाही. एका वर्षी करपतं आणि एका वर्षी नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. छाटणीनंतर उघड्या खोडा-ओलांड्यांवर (खोडापासून आडव्या नेलेल्या फांद्यांवर) १ टक्का चालतो. पानांवर पावसाळ्यात ०.५ टक्का, म्हणजे १०० लिटरला अर्धा किलो मोरचूद. फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात नको: गार, ओल्या हवेत तांबं कोवळ्या पानाला भाजतं.

हे मिश्रण मुळात औषध म्हणून निघालंच नव्हतं. फ्रान्समध्ये बोर्दो भागातले लोक रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे शिंतोडे उडवत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवड्याने बाकी बाग झडली असताना याच ओळींची पानं हिरवी आहेत. १८८५ मध्ये त्याने पद्धत जाहीर केली. केवडा तेव्हा युरोपला नवाच होता, अमेरिकेतून आलेला. आपली थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस या सगळ्या युरोपीय कुळातल्या जाती, त्यामुळे त्यांच्यात केवड्याविरुद्ध अंगचं बळ जवळजवळ नाही. बेंगलोर ब्ल्यू ही अमेरिकी रक्ताची जात तुलनेने तग धरते, हे त्यामुळेच.

८. ढगाळ हवा आहे, पाऊस नाही, घडावर पांढरी पावडर. भुरीला वेगळं काय करायचं?

भुरीचं गणित केवड्याच्या उलट आहे. तिला पानावर पाणी नको, उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू मरतात. सावली, दाट विस्तार, २० ते २७ अंश तापमान आणि कोंदट हवा तिला मानवते. म्हणून पाऊस संपून केवड्याची भीती ओसरली, फवारण्यांचं अंतर वाढवलं, की नोव्हेंबर ते जानेवारीत भुरी डोकं वर काढते. ती सालीच्या वरच्या थरावरच जगते. कोवळ्या मण्याची साल तिथे कडक होते, मणी आतून फुगतो आणि तडकतो. सेटिंगनंतरचे पहिले तीन आठवडे यासाठी नाजूक. साखर भरू लागल्यावर नव्याने लागण सहसा होत नाही, पण देठ आणि पानं तेव्हाही धरतात.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर, हा स्वस्त आणि भरवशाचा आधार. तापमान ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, भाजतं. खनिज तेलाची फवारणी झाली असेल तर दोन आठवडे गंधक नको. आंतरप्रवाहीमध्ये हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेट्राकोनॅझोल, डिफेनोकोनॅझोल ही ट्रायाझोल गटाची, शिवाय मेट्राफेनोनसारखी वेगळ्या गटातली. ट्रायाझोल सुरुवातीच्या कोवळ्या फुटीवर वारंवार दिली तर शेंडा आखडतो, म्हणून ती सेटिंगच्या आसपास आणि पुढे वापरा. काडीवर जुन्या भुरीचे तपकिरी चट्टे दिसले तर छाटणीच्या वेळीच त्या काड्या बाहेर काढा.

९. "गट बदला" म्हणतात, म्हणजे नेमकं काय बदलायचं? मी तर दर वेळी वेगळ्या कंपनीचं घेतो.

कंपनी बदलली तरी गट तोच राहू शकतो. डब्यावरचं ठळक व्यापारी नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते वाचा.

डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड आणि इप्रोव्हॅलिकार्ब ही तीन नावं वेगळी, पण रोगावर घाव घालायची जागा एकच. एकामागोमाग ही तिन्ही मारली तर एकच औषध तीनदा मारल्यासारखं. ॲझोक्सीस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाईल, पायराक्लोस्ट्रोबिन ही स्ट्रॉबिल्युरिन तर एका गटातली आहेतच, पण फॅमॉक्झाडोन आणि फेनामिडोन हीही त्याच गटात मोडतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. या गटाला दाद न देणारा केवडा महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यात सापडलेला आहे, म्हणून केवड्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. मेटॅलॅक्झिलबाबत जगभर हीच तक्रार आहे: हंगामात एकदा, फार तर दोनदा, आणि तेही मॅन्कोझेबच्या जोडीनेच.

सायाझोफॅमिड, अमेटोक्ट्राडीन, सायमोक्झॅनिल, फोसेटिल-एएल हे आणखी चार वेगळे गट. मॅन्कोझेब, तांबं आणि गंधक बुरशीच्या पेशीत अनेक ठिकाणी एकदम काम करतात, त्यांना सहसा प्रतिकार तयार होत नाही. वेळापत्रकाचा कणा त्यांचा ठेवा. आणि डोळ्यांना दिसणारा भरपूर केवडा असताना एकट्या आंतरप्रवाहीचा मारा करणं, ही प्रतिकारक्षमता वाढवायची सगळ्यात जलद रीत आहे.

१०. फवारणीनंतर चार दिवस झाले, डाग तसेच आहेत. औषध बनावट आहे का?

असेलही, पण तो निष्कर्ष डागावरून काढू नका. मेलेली पेशी पुन्हा हिरवी होत नाही, डाग कायमचा राहतो. बघायचं असतं ते हे: डागाच्या खालची पांढरी वाढ तपकिरी पडून सुकली का, आणि फवारणीच्या दिवसानंतर उमललेल्या पानांवर नवे डाग आले का. फवारणीआधीच आत शिरलेल्या रोगाचे डाग आठवडाभर उमटत राहतात, तेव्हा पाचव्या दिवशीचा नवा डागही औषधाचं अपयश ठरत नाही. शंका असेल तर प्रश्न १ मधली पिशवीची चाचणी जुन्या डागांवर करा. रात्रभरात पांढरी लव आली तरच रोग जिवंत आहे.

११. ब्लोअरला पाणी कमी लागतं. मग औषध लिटरमागे मोजायचं की एकरामागे?

एकरामागे. लेबलवरची मात्रा क्षेत्रासाठी असते, लिटरचं प्रमाण ठरावीक पाण्यावर काढलेलं असतं. समजा एखाद्या औषधाची मात्रा एकरी २०० मिली आहे. पूर्ण विस्तारलेल्या मंडपाला ४०० लिटर पाणी लागत असेल तर लिटरला अर्धा मिली झाला. तुमचा ब्लोअर २०० लिटरमध्ये एकर झाकत असेल तर लिटरला एक मिली. तिथे अर्धा मिलीच टाकलं तर वेलीला निम्मी मात्रा मिळाली, आणि ती रोगाला मारण्याऐवजी सराव देते.

अपवाद पोंगा आणि तीन-चार पानांच्या अवस्थेचा. तेव्हा झाकायला पानंच कमी असतात, पाणी कमी लागतं, पण घट्ट द्रावण कोवळ्या पानाला सोसत नाही. तिथे लिटरमागचं प्रमाण ओलांडू नका.

नोझल झिजलेले असतील तर हा सगळा हिशोब पाण्यात. बागेत ओळीच्या मध्ये, घडाजवळच्या पानांच्या खालच्या बाजूला कागदाचे तुकडे टाचणीने लावून नुसत्या पाण्याचा एक फेरा मारा. कागद कोरडा राहिला तर औषध बदलण्याआधी ब्लोअर दुरुस्त करा.

१२. औषध न मारता काय करता येतं?

बरंच. वांझ फुटी वेळेवर काढणं, काड्यांची विरळणी, घडासमोरची दोन-तीन पानं काढून हवा खेळती ठेवणं, बगलफुटी खुडणं, यांनी पान सकाळी तास-दीड तास आधी सुकतं. मंडपाखालून वर बघितल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आकाश दिसलं पाहिजे. नत्र जादा झालं की पान मऊ, लुसलुशीत होतं आणि तिन्ही रोगांना आमंत्रण मिळतं. विरळणीला महिला मजूर आल्या की त्यांना डाग ओळखायला शिकवा, कारण बागेचं प्रत्येक पान तेच हात हाताळत असतात. छाटलेल्या काड्या आणि रोगट पानं बागेत पडू न देता बाहेर काढून खड्ड्यात पुरा. बांधाच्या कडेला ढीग करणं म्हणजे रोगाला शेजारी जागा देणं.

१३. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या छाटणीनंतर) पावसाळ्यात घड नसतातच. तेव्हा फवारण्यांवर खर्च कशाला?

कारण पुढच्या वर्षीचे घड त्याच काडीत तयार होतात. एप्रिल छाटणीनंतर काडी पक्व व्हायला आणि डोळ्यात अन्न साठायला निरोगी पान लागतं. जून ते सप्टेंबर या काळात करपा कोवळ्या फुटींवर, केवडा पानांवर आणि हंगामाअखेरीस तांबेरा जुन्या पानांवर येतो. तांबेऱ्याची ओळख म्हणजे पानाखाली नारिंगी-पिवळी भुकटी. ऑगस्टमध्येच पानगळ झाली तर काडी कच्ची राहते आणि डोळे अवेळी फुटतात.

शिवाय आपल्याकडे वेल वर्षभर हिरवा राहतो. थंड देशात केवडा गळलेल्या पानांत हिवाळा काढतो, इथे त्याला झोपायची गरजच पडत नाही. पावसाळ्यातल्या पानावरून तो थेट ऑक्टोबरच्या पोंग्यावर उतरतो. म्हणून फळछाटणीपूर्वी रोगट पानं काढून टाका आणि खोड, ओलांडे व जमिनीवर १ टक्का बोर्डो घ्या. महाग औषधं पावसाळ्यात खर्चू नका, बोर्डो आणि मॅन्कोझेब पुरतात, गट पुढच्या हंगामासाठी शिल्लक राहतात.

१४. टाकीत काय काय एकत्र चालतं?

जितकं कमी तितकं बरं. बोर्डोबरोबर काहीही मिसळू नका. फोसेटिल-एएल किंवा फॉस्फरस ॲसिडचे क्षार तांब्याच्या औषधांबरोबर दिले तर मोकळं तांबं सुटून पान भाजतं, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवा. जीएच्या (जिब्बेरेलिक ॲसिड या वाढनियंत्रकाच्या) द्रावणाला आम्लता लागते, चुनायुक्त काहीही त्यात गेलं की जीए वाया. "सगळं एकाच पाण्यात" या सवयीतून झालेलं स्कॉर्चिंग (भाजल्याचे चट्टे) मणी मोठा होईपर्यंत डोळ्यासमोर राहतं.

१५. आमच्या सटाण्याकडे जून-जुलैतच छाटणी होते. मग वरचं वेळापत्रक कसं लावायचं?

तारखा सोडा, अवस्था धरा. बागलाणच्या अर्ली छाटणीत पोंगा ते सेटिंग हा सगळा नाजूक काळ ऐन पावसात सापडतो. तिथे दोन फवारण्यांमधलं अंतर दिवसांवर न ठरवता नवं पान आणि पाऊस यांवर ठरवावं लागतं, आणि जोखीम ही त्या चांगल्या भावाची किंमत आहे हे धरून चालावं लागतं. संपूर्ण क्षेत्र एकाच आठवड्यात छाटू नका. फुलोरा दोन-तीन टप्प्यांत विभागला तर एका पावसात सगळी बाग सापडत नाही.

१६. प्लास्टिकचं आच्छादन टाकलं तर फवारण्या बंद होतील का?

केवड्याच्या पुष्कळ कमी होतात, कारण पान कोरडं राहतं. भुरीच्या होत नाहीत, उलट आच्छादनाखालची पावसाचं पाणी न लागणारी, मंद उजेडाची कोंदट हवा तिला आवडते (प्रश्न ८). कडेच्या ओळींत पावसाचा मारा आत येतो, तिथला केवडा आधी बघा. गारपिटीपासूनचं संरक्षण वेगळं धरूनच खर्चाचा हिशोब करा.

१७. निर्यातीची बाग आहे. शेवटी शेवटी केवडा-भुरी आली तर काय मारायचं?

पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची शिफारस यादी, ज्याला सगळे "ॲनेक्शर" म्हणतात, ती समोर ठेवा. त्यात प्रत्येक औषधाची मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे दिलेलं असतं. गेल्या वर्षीची यादी चालत नाही. युरोपीय महासंघाने २०२० च्या अखेरीस मॅन्कोझेबची मंजुरीच पुढे चालू ठेवली नाही, असे बदल होत राहतात आणि त्यामागोमाग अवशेषांच्या मर्यादाही खाली येतात. निर्यातीच्या बागेत मॅन्कोझेब सुरुवातीच्या अवस्थेपुरतंच ठेवणं शहाणपणाचं. फॉस्फरस ॲसिडचे अवशेष मण्यात बराच काळ राहतात, तेही लवकर थांबवा.

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून एक गोष्ट पक्की: शेजाऱ्याने सांगितलेलं, लेबल नसलेलं "टॉनिक" निर्यातीच्या प्लॉटमध्ये जाता कामा नये. शेवटच्या महिन्यात भुरीसाठी गंधक, पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा बॅसिलस सबटिलिस, अँपेलोमायसिस यांसारखी जैविकं बघा. जैविकाच्या मागे-पुढे तांबं किंवा गंधक लगेच नको. मण्यावर डाग पडणार नाहीत आणि मण्याचा नैसर्गिक पांढुरका थर पुसला जाणार नाही याची काळजी घ्या.

१८. ताक, दूध, गोमूत्र यांनी जातं का?

दुधाच्या पातळ द्रावणाचा भुरीवर, सुरुवातीच्या अवस्थेत आणि चांगल्या उन्हात, काही प्रमाणात परिणाम परदेशातल्या चाचण्यांत दिसलेला आहे. केवड्यावर ओल्या हंगामात ताक किंवा गोमूत्राच्या भरवशावर व्यापारी बाग ठेवू नका. सेंद्रिय बागेत तांबं आणि गंधक मर्यादेत वापरता येतं, पण प्रमाणीकरण संस्थेची मर्यादा आधी विचारून घ्या.

१९. हवामान केंद्राच्या ॲपवर "धोका नाही" दाखवत होतं, तरी केवडा आला.

ओलीचा सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. तो बहुधा मोकळ्या जागी, उन्हात, खांबावर असतो. तुमच्या बागेचा विहिरीकडचा, ओढ्याकाठचा किंवा उसाला लागून असलेला कोपरा त्याहून दोन तास उशिरा सुकतो, आणि केवडा नेहमी तिथूनच सुरू होतो. सेन्सर मंडपाच्या आत, पानांच्या उंचीवर हवा. तो कोपरा आणखी मोकळा करा आणि पहिली पाहणी रोज तिथे करा.

२०. शेजारी काकडी आणि पलीकडे बाजरी आहे, दोन्हीवर केवडा. द्राक्षाला लागेल का? आणि आंब्याची भुरी?

नाही. काकडीचा केवडा, बाजरीचा केवडा (ज्याला गोसावीही म्हणतात) आणि द्राक्षाचा केवडा हे तीन वेगळे जीव आहेत आणि एकमेकांच्या पिकावर जात नाहीत. आंबा, बोर, गुलाब, द्राक्ष यांच्या भुरीही आपापल्या. शेजाऱ्याच्या काकडीवर केवडा दिसला तर तो एवढंच सांगतो की परिसरात रात्री पानं ओली राहतायत, तेव्हा तुमची बाग त्याच दिवशी तपासा. काळजी करायची असेल तर ती बांधापलीकडच्या, मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या द्राक्षबागेची करा. तिथला केवडा तुमचाच आहे, आणि ती बाग उपटायला किंवा एक फवारणी घ्यायला मालकाला राजी करणं तुमच्या दोन फवारण्यांपेक्षा स्वस्त पडतं.

२१. गच्चीवर एकच वेल आहे. एवढं सगळं करायला हवं का?

नाही. वेल भिंतीला चिकटवू नका, सकाळचं ऊन लागेल असा ठेवा, पाणी पानांवर न मारता कुंडीत घाला. डाग पडलेली पानं दिसल्या दिवशी खुडून कचऱ्यात टाका. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर भुरीसाठी गंधकाच्या दोन-तीन हलक्या फवारण्या, दुपारच्या उन्हात नको. एकाच वेलीसाठी आंतरप्रवाही औषधाचं अख्खं पाकीट आणून उरलेलं स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवण्याचा उद्योग मात्र करू नका.